उंदराची वाट : बोरीकाठच्या फिरत्या घराच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

गणपतीपासून गाडी शेडमध्ये उभी होती. आज दार सरकवलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच कळलं, की आत काहीतरी मेलंय.

ही आमची जुनी प्रवासी ट्रॅव्हलर. मागच्या वर्षी सीटं काढून आत पलंग, ओटा, सिंक, साठ लिटरची टाकी आणि गॅसची शेगडी बसवून घेतली. अमळनेरपासून थोडं पुढे, बोरीच्या काठावर शेत आहे, तिथल्या शेडमध्ये ती उभी असते. शेडच्या दुसऱ्या खणात कापूस. सप्टेंबरअखेरपासून वेचणी सुरू झाली आणि भाव सुधारेल या आशेने सगळा माल तिथेच भरून ठेवला. उंदराला यापेक्षा जास्त काय हवं? अंथरायला मऊ कापूस, खायला सरकी, आणि दोन हातांवर आयतं घर.

पलंगाखालचा खण ओढला. आत दोन मुठींएवढं घरटं. कापूस, गादीतला फोम, लेकीच्या वहीच्या कागदाच्या चिंध्या, सगळं एकत्र विणलेलं. भोवती सरकीची टरफलं, गर नेमका काढून खाल्लेला. पाण्याच्या पंपाची लाल वायर वीतभर सोललेली, आतलं तांबं चकाकत होतं. ती उघडी तार पत्र्याला टेकली असती तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी शॉर्ट झाला की वायर लाल व्हायला वेळ लागत नाही. आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, मग बाकीचं पाहिलं.

लेंड्या दोन प्रकारच्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या पुष्कळ, म्हणजे घरातली बारकी उंदरं. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र अर्धा इंची, दोन्ही टोकांना निमुळत्या. तो मोठा उंदीर, आढ्यावर चढणारा. ओट्याच्या कोपऱ्यात चहाच्या भुकटीसारखे काळे कण, ते झुरळांचे. तीन वेगळे पाहुणे, तिघांच्या वाटाही वेगळ्या असणार.

झाडू लावला नाही. सुकलेल्या लेंड्या झाडल्या की धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोसारखा आजार होतो. कपड्यांच्या ब्लीचचं एक माप, पाण्याची दहा मापं असं करून सगळीकडे फवारलं. मास्क आणि रबरी हातमोजे घालून, दहा मिनिटं थांबून, मग कागदाने पुसून घेतलं. गादी गेली. ती वाचवायचा प्रयत्नही केला नाही.

७ नोव्हेंबर

वास डाव्या भिंतीच्या पॅनेलमागून. चौदा स्क्रू काढले तेव्हा सापडला. इन्सुलेशनमध्ये घुसून मेलेला मोठा उंदीर.

याला मी जबाबदार आहे. सप्टेंबरमध्ये मीच गाडीत विषारी वड्या ठेवल्या होत्या, ब्रोमॅडिओलोनच्या. पाकिटावर लिहिलेलं असतं, पण मी नीट वाचलं नव्हतं. हे विष रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम व्हायला काही दिवस जातात. तेवढ्या वेळात उंदीर त्याला सगळ्यात सुरक्षित वाटेल त्या सांदीत जाऊन पडतो. घरात असतो तर बाहेर तरी गेला असता. गाडीत भिंतीच्या पोकळीशिवाय दुसरी सांदच नाही. शिवाय विष खाऊन सुस्तावलेला उंदीर बाहेर पडला तर तो घुबडाच्या तावडीत सापडतो. आमच्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे. रात्रभर तीच आमचं शेत राखते. गाडीत आणि गाडीभोवती पुन्हा उंदराचं विष नाही, हे आज ठरवलं.

आबा खाटेवर बसून सगळं पाहत होते. म्हणाले, "पोरी, उंदीर कोठून येस ते पहिले देख. मारानं मंग देखू."

आता कामाला हीच दिशा.

१० नोव्हेंबर, रविवार

काल रात्री वाटा शोधल्या. पद्धत साधी आहे, पण इतकी कामाची निघाली की सविस्तर लिहून ठेवते. शेडमधले सगळे दिवे घालवले. गाडीच्या आत दोन मोठे एलईडी बल्ब लावले, पडदे लावून घेतले. मी सतरंजी टाकून गाडीखाली उताणी. खालून वर पाहिलं तर गाडी चाळणीसारखी दिसत होती. जिथून उजेडाची तिरीप येईल तिथे खडूने गोल करायचा. लेक आतून त्याच जागी कागदी चिकटपट्टी लावत होती. एकूण सव्वीस जागा.

कोणतं भोक मोठं आणि कोणतं दुर्लक्ष करण्यासारखं, हे ठरवायला शिसपेन्सिल घेतली. बारकं उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतं. त्याची कवटी गेली की बाकीचं अंग मागून येतं. म्हणजे जिथे पेन्सिल जाते तिथे उंदीर जातो. मोठ्या उंदराला अर्धा इंच लागतो, अंगठ्याएवढं भोक. या हिशेबाने सव्वीसपैकी एकोणीस जागा बुजवायलाच हव्यात.

सगळ्यात वाईट जागा माझ्या अंदाजाबाहेरची निघाली. मला वाटत होतं दारं आणि खिडक्या. त्या ठीक होत्या. खरी भगदाडं गाडी घर झाली तेव्हा पडलेली. सिंकचा पाइप जमिनीतून खाली जातो तिथे दोन इंचाचं भोक आणि त्यात सव्वा इंचाचा पाइप. टाकीच्या ओव्हरफ्लोची नळी. सोलरच्या वायरी छतातून येतात ती जागा. बाहेरून वीज घ्यायच्या केबलचा खण, ज्याचं झाकण केबल असताना कधीच बंद होत नाही. वर्कशॉपवाल्यांनी भोक पाडलं, पाइप घातला, पुढच्या कामाला लागले. काम चालू असताना मीही खाली वाकून पाहिलं नव्हतं. मूळ गाडीतल्या जागा तीनच: पेडलांपाशी वायरींचा जुडगा इंजिनाच्या बाजूने आत येतो तिथलं फाटलेलं रबर, हँडब्रेकच्या केबलची जागा, आणि काचेखालून ब्लोअरमध्ये हवा घेणारी जाळी.

झोपण्याआधी गाडीच्या मधल्या वाटेवर आणि पेडलांपाशी ज्वारीचं पीठ चाळणीने भुरभुरलं. सकाळी पेडलांपासून ओट्यापर्यंत बारीक पावलांची सरळ रेघ, मधोमध शेपटीचा ओरखडा. सिंकच्या पाइपापाशी तर वर्दळ. उंदीर भिंतीला अंग घासून चालतो, मोकळ्या जागेत जात नाही, हे पिठावर स्वच्छ दिसलं. पिंजरा कुठे ठेवायचा तेही त्याच रेघेने सांगितलं.

१४ नोव्हेंबर

सामान आणलं. पाव इंची गॅल्वनाइज्ड जाळी दोन मीटर, फटी बुजवायच्या पीयू सीलंटच्या चार नळ्या, रिव्हेट, वायरीच्या भोकात बसवायचे रबरी ग्रोमेट, लोखंडी फ्लेक्झिबल पाइप. आणि भांड्यांच्या दुकानातून दोन डझन स्टीलच्या घासण्या. दुकानदाराला वाटलं घरी लग्न आहे.

घासणीचं कारण असं. फोम फवारून भोक बुजवायचा सल्ला सगळे देतात. फोम हवा अडवतो, उंदीर नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं त्याला भागच आहे, आणि फोम त्याला भाकरीसारखा मऊ. बारीक लोखंडी लोकर लवकर गंजून भुगा होते. भांड्यांच्या घासणीची चपटी स्टीलची तार मात्र टिकते, दातात अडकते आणि ओढली तर आणखी घट्ट होते. घासणी खेचून सैल करायची, पाइपाभोवती गच्च कोंबायची, वरून सीलंट.

उंदीर पळवणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र घ्यावं असं ह्यांचं मत होतं. मी नको म्हटलं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा ठेवा. उंदीर आवाजाला सरावतात, आणि तो आवाज गादीच्या, पडद्याच्या पलीकडे जातही नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत. बंद गाडीत त्यांचा वास आपल्याच छातीत जातो.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर काम. सकाळी सात ते दिवेलागण. गावातले वेल्डरदादा मदतीला होते.

एका जागेबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तिथे चूक झाली असती तर उंदरापेक्षा मोठं संकट ओढवलं असतं. सिलिंडरच्या कपाटात तळाशी हाताच्या पंजाएवढं भोक आहे, थेट खाली उघडणारं. दादांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, सगळ्यात मोठं बीळ तर हेच. पत्रा मारून टाकतो."

"दादा, ते बुजवायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर खाली बसतो, आणि त्याला बाहेर पडायला तेवढीच वाट आहे."

"मग उंदीर?"

"जाळी लावू. पण जाळीच्या तारा हवा अडवतात, म्हणून भोक आधी मोठं करा."

त्यांनी भोक दीडपट केलं, पाव इंची जाळी पट्टीच्या चौकटीत धरून चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे साफ करायला काढता येईल. खालून चिखल उडून ती चोंदली तर भोक असून नसल्यासारखं, म्हणून दर महिन्याला बोट फिरवून पाहायचं. फ्रिजच्या मागच्या झडपांना आणि ब्लोअरच्या तोंडालाही अशाच चौकटी. सीलंट फक्त पाइप आणि वायरींभोवती. हवा ज्या वाटेने जायला हवी तिथे जाळी, बाकी ठिकाणी घासणी आणि सीलंट, हा फरक दादांनी खडूने गाडीच्या पत्र्यावरच लिहून ठेवला.

पंपाची वायर नवी टाकली, सांध्यावर गरम केली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि सगळा जुडगा लोखंडी फ्लेक्झिबल पाइपातून नेला.

२४ नोव्हेंबर

वाटा बंद झाल्यावर आत राहिलेल्यांना पकडायचं होतं. चाप भिंतीला काटकोनात, खटक्याचं टोक भिंतीकडे. आमिष म्हणून तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा, दोऱ्याने बांधून, म्हणजे नुसता उचलून नेता येऊ नये. सहा रात्रींत चार बारकी उंदरं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्यामुळे त्याच्यासाठी पिंजरा दोन रात्री उघडा, न लावता ठेवला होता. त्यात आला नाही. भिंतीत मेलेला तो एकटाच असावा.

पिंजऱ्यात एक चिचुंद्री मात्र आली. लांब नाक, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास. ती उंदीर नव्हे, किडे-झुरळं खाणारी आहे. बांधावर नेऊन सोडली.

चिकट पुठ्ठे वापरले नाहीत. त्यावर जीव तासन्तास तडफडतो, ते मला बघवत नाही, आणि पाल, चिमणी काहीही चिकटतं.

१५ डिसेंबर, सारंगखेडा

काल दत्तजयंती. एकमुखी दत्ताच्या यात्रेला तापीकाठी आलोय. घोड्यांच्या बाजारापासून जवळच गाडी लावली. एवढे घोडे, एवढी लीद, म्हणजे माश्यांची परीक्षा आयतीच.

खिडक्यांच्या जाळ्या उत्तम चालल्या. दाराला मात्र चुंबकाच्या पट्टीचा पडदा लावला होता, तो खाली जमिनीपासून दोन बोटं वर राहतो. माशी तिथून सरळ येते. पडद्याच्या खालच्या कडेला जुन्या साडीची पट्टी शिवून आत बारीक साखळी घातली. आता तो टेकतो.

सकाळी चहा ठेवला तर शेगडीची ज्योत पिवळी आणि लवलवती, पातेल्याच्या बुडाला काजळी. बर्नर काढला. हवा ओढणाऱ्या नळीत कोळ्याचं जाळं, पांढरं, कापसाच्या बोळ्यासारखं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड होतो, ज्याला वासही नाही. नळी बारीक ब्रशने साफ केली, ज्योत निळी झाली तेव्हाच आधण ठेवलं. गाडी महिनाभर उभी राहिली की बर्नर काढून पाहायचा, हे यादीत पहिल्या नंबरवर टाकलं.

इथे मुंग्याही भेटल्या. गाडी स्थिर राहावी म्हणून लावलेल्या चार टेकूंवरून आणि विजेच्या केबलवरून त्या रांगेने वर येत होत्या. आजीच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. तेच केलं. चार जर्मनच्या थाळ्या, त्यात पाणी, त्यात टेकू. केबलला हातभर लांबीवर ग्रीसचा पट्टा. तासाभरात रांग तुटली. टायर मात्र पाण्यात ठेवता येत नाहीत. तिथे बोरिक पावडर साखरेच्या पाकात मिसळून बाटलीच्या झाकणात ठेवली. कॅरमवर टाकतात तीच पावडर. ती अगदी थोडी घालायची, कपभर पाकाला अर्धा चमचा. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही. झाकणं गाडीखाली आत सरकवून ठेवली, यात्रेत लहान मुलं फिरतात.

१२ जानेवारी २०२५

झुरळं. ती भोकातून आली नव्हती, किराण्याच्या खोक्यातून आणि कांद्याच्या गोणीतून मीच आणली होती. आता खोकं गाडीच्या बाहेरच रिकामं होतं. दादर ज्वारीचं पीठ, कळण्याचं पीठ, शेव, मसाला, सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत. प्लॅस्टिकचे डबे उंदराने कडेने कुरतडले होते, ते काढून टाकले. बिजागऱ्यांपाशी आणि फ्रिजच्या मोटरपाशी झुरळांच्या विषारी जेलचे मसुराएवढे ठिपके दिले. जेल लावल्यावर तिथे फवारा मारायचा नाही, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा ठिपके, कारण अंड्याच्या कोषावर विषाचा उपयोग नाही आणि एका कोषातून तीसचाळीस पिल्लं निघतात.

कापूस गेला. मनासारखा भाव आला नाही, पण शेड मोकळी झाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग गाडीपासून उचलून बांधापलीकडे नेला. दोन दिवस भरीत भाजायला त्यातल्याच काड्या वापरल्या. गाडीखालचं गवत खुरपून तिथे खडी पसरली. उंदीर उघड्यावरून जायला भितो, आणि वरून घुबडालाही तो दिसतो.

१८ मे

कडक उन्हाळा. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो.

पुन्हा उजेडाची तपासणी केली, आणि बरं झालं केली. सीलंट सगळीकडे शाबूत. पण सरकत्या दाराचं रबर उन्हाने कडक होऊन आखडलं आहे. खालच्या कोपऱ्यात पेन्सिल आरामात जाते. आपल्या खानदेशात रबराचं आयुष्य कॅटलॉगमध्ये लिहितात तेवढं नसतं. नवी बीडिंग कापताना दोन इंच जास्त घेतली, कोपऱ्यात ताणली नाही, आणि वर सिलिकॉन ग्रीसचा हात दिला. आता दर उन्हाळ्याच्या शेवटी हे रबर बदलायचं असं धरून चालायचं.

एअर फिल्टरच्या डब्यात खारीने घरटं सुरू केलं होतं, केळीच्या सोपटाचे धागे आणून. पिल्लं नव्हती म्हणून काढलं. हवेच्या तोंडाला जाळी लावून घेतली, मेकॅनिकला विचारून, भोकापेक्षा मोठ्या मापाची, म्हणजे इंजिनाला हवा कमी पडू नये.

२२ जून

पावसाने दोन दिवस झोडपलं आणि काल संध्याकाळी वाळवीला पंख फुटले. दारावरचा पांढरा दिवा लावला तर पाच मिनिटांत पत्रा दिसेना. दिवा घालवला, दारापासून दहा पावलांवर झाडाला कंदील टांगला, आत पिवळे बल्ब. किड्यांना निळसर पांढरा उजेड जास्त ओढतो. फरक लगेच दिसला, पण तुडतुडे कपाशीवरून येतातच, आणि ते जाळीच्या घरातून सहज निघतात. त्यांच्यावर एकच उपाय, रात्री लवकर दिवा मालवणं.

वाळवी पाहिल्यावर टेकूंखालच्या लाकडी फळ्या उचलल्या. एका फळीच्या पोटाला मातीची पापडी चढलेली. काळ्या जमिनीतून फळी, फळीतून टेकू, टेकूवरून गाडीची प्लायवूडची फरशी, असा तिचा प्रवास चालू होता. फळ्या चुलीत घातल्या. त्यांच्या जागी शहाबादी फरशीचे तुकडे.

ओव्हरफ्लोच्या नळीचं तोंड कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलं होतं. काडीने फोडलं, तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा आणि क्लिप. सांडपाण्याच्या टाकीच्या श्वासनळीलाही तसाच. तिथे पाणी साठून राहिलं तर आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. गाडी दोन महिने जागची हलली नव्हती.

आत गेले. वास नाही. खणात काही नाही. पंपाची वायर जशीच्या तशी. काल रात्री आत आणि बाहेर पीठ भुरभुरलं होतं. आतलं पीठ अस्पर्श, फक्त खिडकीखाली पालीची चार बोटं. पाल राहू दे.

बाहेरच्या पिठावर पावलं होती. खडीच्या कडेने आली, सिंकच्या पाइपाखाली थांबली, तिथे पीठ चांगलंच तुडवलेलं. घासणीच्या दोन तारा खाली ओढलेल्या, सीलंटला दातांचे बारीक ओरखडे. मग पावलं गॅसच्या जाळीपाशी, तिथून मागच्या चाकापाशी, आणि परत बांधाकडे. लेकीने आबांना हात धरून आणलं. ते वाकून बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले.

"आते झायं," म्हणाले.

ओढलेल्या तारा आत दाबून सीलंटचा आणखी एक थर दिला. गाडीची बॅटरी जोडली.